कुठल्याही नियमांना चालणारं बेट

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे या, जागा आहे. आज एक गोड गोष्ट सांगायची आहे. तिच्यात मांत्रिक आहेत, राक्षस आहेत, समुद्रातलं एक बेट आहे. पण घाबरू नका, शेवटी सगळं दोन माणसांपाशीच येऊन थांबतं. देवाने जग एवढं अफाट केलं, धडधड मात्र छातीएवढ्या जागेतच ठेवली ना!

तर ती शिडीवर होती.

दुकान तिच्या आत्याचं. खेळांचं. एरवी ही मुलगी पाणीखात्याच्या कचेरीत सांडपाण्याच्या वाहिन्यांचे नकाशे काढायची. शनिवारी मात्र आत्याच्या फळ्यांवरची धूळ पुसायची. तशीच पुसत असताना खालून आवाज आला, "हे परत करायचंय."

खाली एक तरुण. भांग असा, की पट्टी ठेवून पाडला असावा. हातात जाडजूड पुस्तक, त्यातून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या.

"काय बिघडलं त्याचं?" तिने वरूनच विचारलं.

"पुस्तक छान आहे. पण यातला वेशीवरचा पहारेकरी सातव्या पातळीचा आहे. आमच्या खेळात पातळ्याच नाहीत."

खेळ असा असतो बरं का : चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि कुठे अडलं की फासे टाकून पुढचं ठरवतात. आता फासे कसे टाकायचे, याची नियमपुस्तकं ढीगभर. आणि प्रत्येकाचे भक्त आपल्याच पुस्तकाची शपथ वाहणारे.

"मग सात खोडा नि पहारेकरी ठेवा," ती म्हणाली.

"आकडाच नसला, तर तो किती जोरात मारतो हे कसं कळणार?"

"तुम्हाला कोणी मारलं, तर आधी आकडा विचारता का?"

त्याने मान वर केली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर धूळ होती...

"मला अजून कोणी मारलेलं नाही."

"ते दिसतंयच."

गल्ल्यावरून आत्या कडाडली. "आज हा चौथा! सगळ्यांचं एकच रडगाणं. काकू, गाव द्या, राजे द्या, भुतं द्या, पण आमच्या नियमांना चालतील अशी द्या! अरे, माझ्याकडे चार टेबलं बसतात, चारांचे नियम चार. सगळ्यांना चालणारं गाव मी आणू कुठून?"

"माझ्याकडे आहे," शिडीवरून इवलासा आवाज आला. "गाव नाही... बेट आहे."

नऊ वर्षं ती ते लिहीत होती. गल्ल्या, देवळं, कोळ्यांची भांडणं, कोण कोणाशी का बोलत नाही ते सगळं. नियम मात्र एकही नाही. दोन छापणाऱ्यांनी ते वाचून परत धाडलं होतं : बेट सुरेख, पण फासे कुठे टाकायचे? तिसऱ्यांदा धाडायची हिंमत तिच्यात उरली नव्हती.

आत्याने आठवडाभरात सगळं वाचलं. "गटारं फार सुंदर काढलीयेस गं," ती म्हणाली. "छापीन मी. पण एका अटीवर. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी चारही टेबलं याच बेटावर खेळतील. तू त्या स्टुलावर बसायचंस, तोंडाला कुलूप. एका जरी टेबलाने तुला काही विचारलं, किंवा तू एक शब्द जरी बोललीस, तर पुस्तक परत कपाटात. घरोघरी पुस्तकाबरोबर तू थोडीच जाणारेस?"

"आणि त्याआधी," तो तरुण म्हणाला—पुस्तक परत केलं तरी त्याचं येणं थांबलं नव्हतं, रोज काही ना काही परत करायला येत होता—"कोणीतरी तपासायला हवं. चुकून एखाद्या खेळाचा नियम आत शिरला असेल तर? मी तपासतो."

हा बस आगारात वेळापत्रकं लावायचा. आत्याने त्याचं नावच वेळापत्रक ठेवलं होतं.

मग काय, संध्याकाळी मागच्या खोलीत दोन खुर्च्या, एक दिवा, एक पेन्सिल, एक खोडरबर. समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या आठवड्याभरात शेजारी-शेजारी कशा आल्या, ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

"'हा कोळी जिद्दी आहे.' किती जिद्दी?"

"फार."

"फार म्हणजे?"

"बायको किनाऱ्यावरून हाका मारून दमते, तरी जाळं सोडत नाही, इतका."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "कळलं," म्हणाला, आणि आकड्याशिवाय कळल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ही दीपगृहातली बाई कधीच खाली का उतरत नाही?"

"कोणी बोलावलं नाही म्हणून."

"नावाडी रोज खालून जातो की."

"जातो. वर बघतोही. पण त्याला वेळेची फार काळजी हो..."

त्याचे कान तापले. "हा नावाडी पहिल्यापासून होता?"

"छे. गेल्या आठवड्यात आला." ती खोडरबराचा चुरा फुंकत राहिली. वर बघितलंच नाही.

आता ऐका, प्रेमात माणूस शहाणा होतो असं कोण म्हणतं? शेवटच्या दिवशी पठ्ठ्या बाड घरी घेऊन गेला. तिच्या पुस्तकावर कोणी बोट ठेवू नये म्हणून बसला, आणि दिसेल तो आकडा खोडला. पातळीचा नाही, नियमाचा नाही, दिसेल तो. "दुपारी तीनला होडी सुटते" या वाक्याचं उरलं, "होडी सुटते." दिवसभर गाड्यांच्या सुटण्याच्या वेळा लावणाऱ्या माणसाने हे करावं!

रविवार उजाडला. चार टेबलांवर त्याच बाडाच्या चार प्रती. ती स्टुलावर, ओठ घट्ट. सहज म्हणून शेजारच्या टेबलावरची प्रत तिने वाकून पाहिली, आणि तिचे डोळे विस्फारले. बेटावर जायला होडी एकच, आणि ती कधी सुटते ते पुस्तकात कुठेच नाही! तिने चौथ्या टेबलाकडे पाहिलं. तिथे सूत्रधार म्हणून वेळापत्रक बसला होता. त्यानेही नेमकं तेच पान उघडलं होतं, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

पहिल्या टेबलाने फासा टाकला. होडी पहाटे सुटली. दुसऱ्याने पत्ता ओढला. होडी ओहोटीला सुटली. तिसऱ्या टेबलाला नियमच नावापुरते. त्यांनी हात वर करून मत घेतलं आणि होडी चोरली. कोणाचंही अडलं नाही. अडलं ते एकट्या चौथ्याचं. कारण खरा आकडा फक्त यालाच ठाऊक, आणि तो यानेच मारलेला. सांगावा तर पुस्तकाबाहेरचा, न सांगावा तर होडी हलत नाही.

"सूत्रधार, होडी कधी?" कॉलेजातली एक मुलगी ओरडली. ती मांत्रिक झाली होती आणि तिला घाई होती.

त्याचा हात हळूहळू वर जाऊ लागला... स्टुलाच्या दिशेने. आत्याने चष्म्यावरून पाहिलं. स्टुलावरची ती जोरजोरात 'नको' अशी मान हलवू लागली. नऊ वर्षं त्या एका हातावर लटकली होती.

त्या टेबलावर एक म्हातारे कंपाउंडर बसायचे, निवृत्त. ऐकू कमी यायचं, पण तलवारबाज पक्के. त्यांनी त्याचा उचललेला हात धरून हळूच खाली ठेवला. "अहो, पुस्तकाला कशाला विचारताय? आत्ता नावाडी तुम्ही आहात. तुम्हाला कधी सोडाविशी वाटते?"

आयुष्यात हा प्रश्न त्याला आगारात कोणी विचारला नव्हता.

"होडी..." त्याने पुस्तक मिटलं. "होडी सुटणार नाही."

"आँ?"

"दीपगृहातली बाई खाली येईपर्यंत सुटणार नाही. रोज वेळेवर सोडली, म्हणून तर तिला बोलवायचं राहिलं."

"आणि ती नाही आली तर?" मांत्रिकीण.

"तर उद्या. नाहीतर परवा. प्रवासी चिडले तर चिडू देत."

"हे कुठल्या पानावर आहे?" मांत्रिकीण भराभरा पानं उलटू लागली.

"पानावर नाहीये," तो म्हणाला, आणि खुर्चीतून उठला. आता चारही टेबलं त्याच्याकडे वळली. "काकू, मला त्यांना एक प्रश्न विचारायचाय."

"विचारलास तर पुस्तक कपाटात जाईल हो!"

"पुस्तकाबद्दल नाही."

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग विचार. पण ती बोलायची नाही, सांगून ठेवते."

तो तिच्याकडे वळला. भांग विस्कटलेला. "मी... मला यात काही नियम माहीत नाहीत. तुम्ही याल का? होडीत नाही. म्हणजे होडीतही. पण... माझ्याबरोबर?"

तिने तोंड उघडलं. "गप्प!" चारही टेबलं एकदम ओरडली. तिने दोन्ही तळहात तोंडावर दाबले. डोळे मात्र कोण दाबणार? ते भरून आले, हसले, पुन्हा भरून आले. मग ती स्टुलावरून उतरली, सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत गेली, आणि चौथ्या टेबलावर त्याच्या शेजारी जाऊन बसली. एक शब्द न बोलता.

"बोलली नाही! सगळ्यांनी पाहिलंय!" कॉलेजातली मुलगी उड्या मारू लागली.

"नाही बोलली," आत्याने निकाल दिला. "चालू द्या खेळ."

होडी सुटली. पुढचे दोन तास ती मुक्याने त्याच्याजवळ बसली होती, आणि तो सूत्रधार असूनही राक्षसाचं नाव चारदा विसरला. शेवटचं टेबल उठलं, आत्याने "झालं" म्हटलं, तेव्हा ती पहिला शब्द बोलली.

"हो."

आणि त्यानंतर, आकडे खोडण्याबद्दल, श्वास न घेता, अर्धा तास बोलली. तो ऐकत होता. असं सुखाने बोलणी खाणारं माणूस त्या दुकानाने दुसरं पाहिलं नाही.

पुस्तक छापलं गेलं. होडीची वेळ अजूनही त्यात नाही, तिनेच नको म्हटलं. माणसं येतात, विचारतात, "काकू, आमच्या नियमांना चालेल ना?" आणि आत्या न बघताच वरच्या फळीकडे बोट दाखवते.

एवढीच कथा. आता जाता जाता एक मागणं. रात्री देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्या कमी ऐकू येणाऱ्या कंपाउंडरांची आठवण ठेवा. गोड जोडपी सगळ्यांनाच आठवतात हो. भलतीकडे चाललेला हात ज्याने धरून खाली ठेवला, त्यालाही दोन शब्द सुखाचे मागा.