बोकडाचे हातमोजे

नाताळ सरला की उत्तर नॉर्वेच्या त्या बेटावर माणसं बोकड बनून घरोघर फिरू लागतात. उलटा कातडी कोट, तोंडावर शिंगांचा मुखवटा, हातात भेटीचं पुडकं. घरच्यांनी बोकड ओळखायचा. नाव बरोबर आलं, तर मुखवटा काढून तो शेकोटीशी बसणार, खाणार. चुकलं, तर शिंगं हलवून पुन्हा थंडीत. लोक हसून हसून बेजार होतात.

पण गुनवोरला यंदा हसू कुठलं? गेल्या हिवाळ्यात तिचा ऐविंद आणि शेजारच्या माग्निलचा तोरलैफ एकाच होडीतून मासेमारीला गेले, ते गेलेच. पोरांचं काहीच हाती लागलं नाही.

संध्याकाळी ती पोळ्यांना लोणी लावत होती. दार वाजलं.

"ये रे बाबा, कोण असशील तो!"

वाकून बोकड आत आला. एकटाच. ओल्या लोकरीचा वास घरभर पसरला.

"कोण मी?" त्याने श्वास आत ओढत विचारलं. बोकड तसंच बोलतात, आवाज ओळखू येऊ नये म्हणून. पण गुनवोरने हातातली पोळी खाली ठेवली. ते वाकून आत येणं...

"ऐविंद...?"

शिंगं हलली. नाही. पुडकं बाकावर ठेवून तो निघून गेला.

पुडक्यात ओला हातमोजा होता. वर लाल चांदण्यांची वीण. ती वीण माग्निलच्या घरची, बेटावर दुसरं कुणी विणत नाही. गुनवोर तशीच बाहेर धावली. वाटेतच माग्निल भेटली, धापा टाकत. तिच्याही हातात हातमोजा, आणि वीण गुनवोरची.

"माझ्याकडे आला होता गं! मी म्हटलं, तोरलैफ. तर नाही म्हणाला..."

"अगं बाई! मग तो माझा होता! आणि माझ्याकडे आला तो तुझा!"

"सदा एकमेकांच्या घरी जेवायला पडलेले असायचे मेले," माग्निलला रडू फुटलं. "आता आणखी कुठे जाणार? आणि आपण आपापलीच नावं घेत बसलो. उपाशी घालवलं गं पोरांना!"

दुसऱ्या दिवशी दोघी गुनवोरकडेच बसल्या, दोन्ही नावं तयार ठेवून. गुनवोरचा नवरा आर्ने पहाटेच जाळी ओढायला गेला होता. जाताना म्हणाला होता, "बोकडाला माझ्या वाट्याची पोळी देऊन बसू नका हं!"

अंधारात दार वाजलं. तो आत आला.

"कोण मी?"

"तोरलैफ!" गुनवोर म्हणाली. शिंगं हलली.

"मग ऐविंद! ऐविंदच ना रे?" माग्निल ओरडली. शिंगं पुन्हा हलली.

त्याने पुडकं गुनवोरच्या मांडीवर ठेवलं. आत एक करडा हातमोजा. लोकर कमी पडली म्हणून अंगठ्याला काळा धागा लावलेला. पहाटे तिनेच तो आर्नेच्या हातात चढवला होता. आता त्यातून पाणी निथळत होतं.

बोकड उंबऱ्याशी थांबला.

"कोण गं हा?" माग्निल कुजबुजली. "बोल ना... जाईल तो!"

नाव घेतलं नाही, तर तो उपाशी थंडीत परत जाणार. घेतलं, आणि त्याने मुखवटा काढला, तर... गुनवोरने ओला हातमोजा मुठीत घट्ट धरला.

बोकडाने श्वास आत ओढला. गुनवोर कान देऊन ऐकत राहिली. तो श्वास बाहेर काही येईना.