उसनी पानथरी

मिरजेतल्या त्या इस्पितळात ऑपरेशनच्या आधी घरच्यांना रुग्णाचं पोट दाखवतात. खरं पोट नव्हे, प्रतिदेह. स्कॅनमध्ये शरीराच्या शेकडो पातळ कापांची चित्रं मिळतात. संगणक ती एकावर एक रचून आख्खं शरीर उभं करतो. सर्जन डोळ्यांवर चष्मा चढवून त्याच्यावर चाळीस वेळा सराव करतो. मग यंत्राचा हात खऱ्या माणसावर त्याच वाटेनं सुरी चालवतो. त्याआधी घरच्यांनी 'हे आमचंच माणूस' अशी ओळखसही करायची. आता यकृत बघून नवरा कोण ओळखणार? सगळे मुकाट सही करतात.

उज्ज्वला हसबे मात्र ब्लाउज शिवणारी बाई. स्वतः माप घेतल्याशिवाय तिचा कुणावर विश्वास नाही. चष्मा चढवून ती नवऱ्याच्या, शशिकांतरावांच्या, प्रतिदेहात बराच वेळ फिरत राहिली.

"यकृतात वर दिसतेय ना, ती गाठ आज काढायची," प्रतिदेह बनवणारी शर्वरी आवटी म्हणाली.

"आणि डावीकडं हे जांभळं काय?"

"प्लीहा. म्हणजे पानथरी."

"काय सांगता! यांची पानथरी बाराव्या वर्षीच काढलीय. झाडावरून पडले होते. पोटावर व्रण आहे की ढळढळीत! हे दुसऱ्याच कुणाचं पोट दिसतंय."

शर्वरी सवयीनं हसली. उज्ज्वलाला ते हसू अजिबात आवडलं नाही.

"अदलाबदल नाही, काकू. काका स्कॅनच्या वेळी खोकले. श्वास हलला की वरचे काप पुसट येतात. मग संगणक साठवलेल्या हजारो शरीरांवरून अंदाज बांधून तेवढी जागा भरतो. बहुतेकांना प्लीहा असते, म्हणून त्यानं घातली. थांबा, काढून टाकते."

तिनं बोट फिरवलं आणि पानथरी गेली. इतकं सोपं? उज्ज्वलानं चष्मा पुन्हा गाठीकडं वळवला.

"गाठीजवळच्या शिरा त्याच पुसट कापांतल्या ना? मग त्या तरी यांच्याच कशावरून?"

 शर्वरीनं शशिकांतरावांना पुन्हा स्कॅनला नेलं. "आता खोकलात तर बघा!" उज्ज्वलानं दम भरला. त्यांनी श्वास रोखला, काप लख्ख आले. पानथरी नव्हती. आणि पहिल्या प्रतिदेहात गाठीपासून चांगली बोटभर लांब असलेली मोठी शीर इथं गाठीला चिकटूनच होती. सुरी तिच्यातूनच गेली असती.

उज्ज्वलानं चष्मा काढून ठेवला. "वाचलो गं बाई! आता हा नवा प्रतिदेह संगणकात घाला."

शर्वरीनं घातला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'नोंदीतल्या शरीराशी जुळत नाही. हा रुग्ण शशिकांत हसबे नाही.'

"म्हणजे काय?"

"पहिला प्रतिदेह नोंदीत गेलाय. पडद्यावर पुसता येतं, नोंदीत नाही. संगणकाच्या लेखी खरे काका तेच. यंत्राचा हात त्याच्यावरूनच चालणार."

"अहो, माणूस इथं समोर बसलाय!"

शर्वरीनं उठून दार लावलं. "सही करू नका. सहीशिवाय हात हलत नाही. काकांना घेऊन जा, स्वतःच्या हातानं ऑपरेशन करणारा डॉक्टर शोधा. आता फार थोडे उरलेत, पण शोधा."

उज्ज्वलानं तिच्याकडं रोखून बघितलं. "इतकं ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललात?"

"ठाऊक नव्हतं, आज कळलं. मागच्या वर्षी माझे बाबा ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. ओळखसही माझीच होती." शर्वरी पडद्यावरच्या लाल अक्षरांकडं बघत होती. "आपला प्रतिदेह अचूक होता, बाबांचं शरीरच वेगळं निघालं, असं मीच आईला समजावलं."