टाकीतलं दुसरं भोक

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने इथेच थांबावं. मला वाद घालायला वेळ नाही.

आणि हो, भर दुपारची आहे. बुधवार, एक वाजून दहा मिनिटं. भुतं रात्र व्हायची वाट बघतात, असं मलाही वाटायचं.

मी लोखंडी टाक्यांच्या कारखान्यात ड्रॉइंगं करते. वर काचेची खोली, खाली शेड. खाली माझा सख्खा दादा वेल्डर आहे. आईबाबा गेले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि मला शिकवलं. म्हणायला दादा, पण माझा बाप तोच.

त्या आठवड्यात एक आडवी, लांबलचक टाकी तयार होत होती. पत्रा वळवून झाला होता, दोन्ही टोकं बंद झाली होती. भोक मात्र एकही नव्हतं. डाव्या टोकाशी, वरून, माणूस उतरेल एवढं भोक पाडायचं होतं. शनिवारी दादा त्यातून आत उतरून वेल्डिंग करणार होता. ते भोक नेमकं कुठे, हे मी कॉम्प्युटरवर दाखवायचं.

आता गोल वस्तूवर थेट वर्तुळ काढता येत नाही. बाहेरून एक सपाट पातळी टेकवायची, तिच्यावर वर्तुळ काढायचं, ते आत ढकलून पत्रा कापायचा. कापताना 'पुढच्या पत्र्यापर्यंत' असं निवडायचं. चुकून 'आरपार' निवडलं तर समोरची बाजूही कापली जाते. नवशिक्यांची हमखास चूक.

मी भोक पाडलं. टाकी फिरवून बघितली...

खाली दुसरं भोक होतं.

"झालं! डोकं गहाण टाकलंय मी आज," मी स्वतःवरच करवादले. 'आरपार' दाबलं असणार.

तपासलं. 'पुढच्या पत्र्यापर्यंत' असंच होतं.

आणि ते भोक समोर नव्हतंच. पार उजव्या टोकाला होतं, खालच्या अंगाला, तिरपं. केलेल्या प्रत्येक कामाची यादी पडद्यावर बाजूला दिसते. त्या यादीत एकच भोक होतं.

फाइल फेकून दिली. नवी टाकी काढली.

पुन्हा तेच. तिथेच.

सॉफ्टवेअर वस्तूचं वजनही सांगतं. भोक पडलं की पत्रा कमी होतो, म्हणजे वजन घटायला हवं. इथे ते एकसष्ट किलोंनी वाढलेलं होतं.

पडद्यावर टाकी उभी चिरून आत बघता येतं. चिरली. आत काहीच नव्हतं...

पण वजनाचा मध्य दाखवणारी एक छोटी गुलाबी खूण असते. ती जागची हलली होती, उजवीकडे. मी पुन्हा गणित करायला लावलं. आणखी थोडी उजवीकडे. पुन्हा लावलं. आणखी थोडी...

कुणीतरी आत रांगत होतं.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. यंत्रं थांबली, माणसं बाहेर गेली. शेड चिडीचूप.

आणि खालून आवाज आला...

ठक्. ठक्. ठक्.

मी जिना उतरले. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. टाकी स्टँडवर होती. जवळ जाऊन उजव्या टोकाला, खाली, हात लावला.

माझ्या तळहाताखाली तीन ठोके पडले.

मी म्हटलं ना, त्या टाकीला तेव्हा एकही भोक नव्हतं. आत माणूस असणंच शक्य नव्हतं.

"काय गं, ताप बघतेस का तिचा?"

मी किंचाळलेच. मागे दादा उभा, हातात डबा.

"दादा, ऐकलंस?"

"काय?"

"आतून... ठोके."

त्याने टाकीला कान लावला. थोडा वेळ ऐकलं. "भूक लागलीय तुला. चल, वहिनीने तुझ्या वाटणीचं दिलंय."

त्याला काही ऐकू आलं नव्हतं. मला मात्र एकच दिसत होतं. शनिवारी हा माणूस त्या टाकीत उतरणार.

मी दोन भोकांचं ड्रॉइंग छापलं. लोक हसले तर हसू देत. दादाला आत जायचं असेल तर बाहेर यायला दोन वाटा हव्यात.

ड्रॉइंगवर तपासणीवाल्या काकांची सही लागते. तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेत. कागद बघून खो खो हसले.

"आरपार मारलंस ना? अगं, ही पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक! आता तुला पुन्हा शाळेत..."

बोलता बोलता थांबले. बोट दुसऱ्या भोकाच्या मापांवर होतं.

चेहरा पांढराफटक.

"ही मापं तुला कुणी दिली?"

"कुणीच नाही, काका."

"खरं सांग पोरी. कुणी दिली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. पुसून परत लावला.

"आत कोण उतरणार आहे?"

"दादा."

त्यांनी सही केली. मी हजारदा विचारलं. एकदाच म्हणाले, "असं भोक मी पूर्वी एकदाच कापलेलं बघितलंय, आतल्या माणसाला काढायला. उशीर झाला होता."

शुक्रवारी दोन्ही भोकं कापली. शनिवारी दुपारी जेवून दादा आत उतरला.

वेल्डिंगच्या गॅसला वास नसतो, रंग नसतो. हवेपेक्षा जड असतो. सुट्टीत टाकीत सोडलेल्या नळीची चावी नीट बंद झाली नव्हती. तासभर तो गॅस टाकीच्या तळाशी साठत राहिला. अशा टाकीत दोन श्वास घेतले की माणूस आडवा होतो.

आरडाओरडा ऐकून मी धावले.

दादा खालच्या भोकाबाहेर जमिनीवर पडला होता. ओठ निळे. पण छाती हलत होती. मी तिथेच बसून लहान पोरासारखी रडले.

नंतर सगळे म्हणाले, खालच्या भोकातून बराच गॅस वाहून गेला, म्हणून वाचला. बरोबर आहे. मलाही पटतं.

पण संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये दादाने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं माहितीये?

"तो कसा आहे?"

"कोण, दादा?"

"माझ्या पुढे होता तो. डोळ्यांपुढे अंधारी आली, काही सुचेना. त्याचा पाय हाताला लागला. तो सरकत होता, मी त्याचा पाय धरून मागे. आधी तो बाहेर पडला, मग मी." दादाला धाप लागली. "त्याला बघा आधी. तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आत होता गं."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. टाकीत दादा एकटाच उतरला होता.

"बरा आहे तो," मी खोटं बोलले. "घरी गेला."

दादाने डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाला.

याला आता दोन महिने झाले. दादा कामावर येतो, हसतो, मला चिडवतो. कुणाला वाटणारही नाही.

काल मात्र वहिनीचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"ताई, हे जेवायला बसलेत. दार उघडंच ठेव म्हणतात."

"का?"

"त्याला त्याचं घर सापडत नाहीये म्हणे. आपल्याकडेच ये म्हणून सांगितलंय त्याला." ती रडायला लागली. "मी काय करू? दार लावू का?"

'लाव' असं अगदी ओठांवर आलं होतं... पण ज्याने माझा दादा मला परत आणून दिला, त्याच्या तोंडावर दार लाव असं कोणत्या तोंडाने सांगू?

वहिनी फोन धरून थांबली होती.

मागून दादाचा आवाज आला. "अगं, बाजूला हो जरा. त्याला आत येऊ दे."