तीन पावसांआधी

“ते घेऊ नकोस.”

मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. फ्लिंट शहरात गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात असे शहाणे पैशाला पासरी मिळतात, आणि समोर मुलगी दिसली की त्यांना जास्तच कंठ फुटतो. टेबलावरचा तो सुपरचार्जर मला हवा होता. माझ्या मस्टँग गाडीच्या इंजिनावर बसून त्याच्या घशात जास्तीची हवा कोंबणारं ते यंत्र... किती वर्षं मी त्याची स्वप्नं पाहत होते!

“का?” मी विचारलं. “मुलींना झेपत नाही म्हणून?”

“मुलींचं मला काय माहीत, बाई! पण हा आजारी आहे.” त्याने आत बोट घालून पाती हलकेच फिरवली. “कान लाव.”

मी कान लावला. पलीकडून त्यानेही लावला. आतून बारीक खरखर येत होती, भातातला खडा दाढेखाली यावा तशी. आणि त्या थंडगार धातूच्या पलीकडून दोन तपकिरी डोळे माझ्याकडे बघत होते.

“बेअरिंग गेलंय,” तो पुटपुटला. “अजून काही ऐकू येतंय?”

“येतंय ना. विकणारा आपल्याला शिव्या घालतोय.”

तो हसला... आणि माझं हिवाळ्याचं वेळापत्रक तिथेच कोलमडलं.

त्याचं नाव रामी खूरी. राहणारा डिअरबॉर्नचा, साच्यांच्या कारखान्यात लेथवर काम करणारा. मी रॉझ विल्चेक. बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकत फिरणारा सरकारी ट्रक मी चालवते. आणि त्याच मिठाने लोखंड गंजतं म्हणून माझी मस्टँग नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये चादर पांघरून झोपते. आमच्या घरात पपांचा कायदा आहे, की वसंतातले तीन जोरदार पाऊस पडून रस्ता धुतला गेल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. लग्न मोडलं तरी चालेल, हा कायदा मोडायचा नाही!

नवा सुपरचार्जर कुठला घ्यायचा, यावरून आम्ही फेब्रुवारीपर्यंत भांडलो. रामी इंजिनाच्या बाजूला बसणाऱ्या, गोगलगायीसारख्या दिसणाऱ्या प्रकाराचा भक्त.

“तो हळूहळू चढतो, रॉझ. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका त्याचा जोर वाढतो. शेवटी शेवटी तर...”

“शेवटी म्हणजे कधी? वुडवर्ड रस्त्यावर पावलोपावली सिग्नल आहेत. तुझा जोर येईपर्यंत पुढचा लाल दिवा लागेल! मला इंजिनाच्या वर बसणारा हवा. पाय ठेवला की तिथल्या तिथे धक्का.”

“फार घाई बाई तुला.”

“आणि तुला कसलीच नाही.”

तो कानापर्यंत लाल झाला. पपा कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत कॉफी पीत होते. त्यांना नको तेव्हा खोकला येतो.

शेवटी माझंच खरं झालं. पण मागवण्याआधी रामीने मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे गोळे इंजिनावर ठेवले, बॉनेट अलगद मिटलं, उघडलं आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजली. “बसेल,” तो म्हणाला. “बोटभर जागा उरते.” इतकं जपून कुणी माझ्या कशाला हात लावलेला मला आठवत नव्हता.

मग दर रविवारी काम. इंजिनावरचा जुना हवेचा मार्ग काढला आणि इंजिनाच्या आठही तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली, कारण एक वॉशर आत पडला तर सगळ्याचीच माती! ज्या दिवशी सुपरचार्जर बसवायचा होता, त्या दिवशी फडकी काढून दोघांनी दोन वेळा मोजली. मग तो एका बाजूला, मी दुसऱ्या. मधे ते जडशीळ धूड.

“हळू... तुझ्याकडे थोडं... अजून...”

“दिसत नाहीये रे काही!”

“मलाही नाही. माझ्याकडे बघ, हाताकडे नको. मी श्वास सोडला की सोड.”

मी बघत राहिले. त्याने श्वास सोडला आणि धूड जागेवर बसलं... अगदी आवाज न करता. आम्ही दोघंही हात काढायला विसरलो. देवळात गेल्यावर उगाच हळू बोलतात ना, तसं आम्ही त्यानंतर बराच वेळ बोललो.

सुपरचार्जर फिरवणारा पट्टा चढला, इंजिनाच्या संगणकाला नवी शिकवण देऊन झाली आणि मी किल्ली फिरवली. आधी ओळखीची घरघर. मग तिच्यावर एक बारीक, उंच सूर — पिसाटून निघालेल्या वाऱ्यासारखा. मी पाय किंचित दाबला, तर सूर छताला भिडला. माझ्या अंगावर काटा आला. डबाभर धातू आणि हवा, बस्स... आणि त्यातून हे?

पपांनी टोपी काढली. रामीचे डोळे चमकत होते.

“पुढच्या रविवारी मी निघतोय,” तो तशाच हळू आवाजात म्हणाला. “ॲरिझोनाला. चुलतभावाचा कारखाना आहे. तिकडे गाड्या बारा महिने चालतात, रस्त्यावर मीठच नसतं.”

“किती छान!” मी म्हणाले.

किती छान! माझी जीभ हासडून टाकायला हवी होती. तासन्‌तास सुपरचार्जरवरून वाद घालणारी मी, ऐन वेळी तोंडात गुळणी धरून बसले.

रविवार उजाडला. पाऊस एकही नाही. रस्ते पांढरेफटक, आणि त्यातलं निम्मं मीठ मीच टाकलेलं. सामान भरलेला पिकअप घेऊन रामी निरोपाला आला आणि मस्टँगच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

“रस्त्यावर कशी पळते ते फोनवर ऐकव,” तो म्हणाला.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी चादर ओढून फेकली. “बस.”

“रॉझ... मीठ आहे.”

“मला सांगतोस? बस म्हणते ना!”

“अगं ए!” पपा ओरडले. “अजून एक थेंब पडला नाही!” पण गॅरेजचं दार त्यांनीच वर केलं.

मिठाचे खडे गाडीच्या पोटावर ताडताड उडत होते आणि प्रत्येक खडा मला टोचत होता. महामार्गावर नेणारा चढ मोकळा दिसला. मी पाय दाबला.

तो सूर उठला आणि कुणीतरी पाठीवर पूर्ण तळवा ठेवून आम्हाला आभाळाकडे ढकललं. पोट मागे राहिलं, झाडं नुसत्या रेघा झाली. मी श्वास घ्यायला विसरले. शेजारी रामी दोन्ही हातांनी सीट धरून, तोंड उघडं टाकून, एखाद्या पोरासारखा बघत होता. परमेश्वरा, असंही असतं तर! चढ संपला आणि मी पाय काढला.

“आता गाड्या धुण्याच्या पहिल्या फवारा केंद्रात घे,” तो म्हणाला, घोगऱ्या आवाजात. “खालून धुवायला हवी. लगेच.”

तिथल्या ओल्या फरशीवर तो सरळ उताणा झाला. कडाक्याची थंडी, आणि हा फवारा घेऊन गाडीखाली! मी दुसऱ्या बाजूने बादलीने पाणी ओतत होते.

“आज निघायला उशीर झाला,” तो खालून म्हणाला.

“उद्या निघ.”

“उद्या पाऊस सांगितलाय.”

“मग परवा.”

“परवा... पट्टा तपासावा लागेल. नवा पट्टा सैल पडतो.”

“रामी खूरी, बाहेर ये आणि सरळ बोल!”

तो बाहेर आला. केसांतून पाणी गळत होतं, ओठ निळे पडले होते, नाकावर काळा डाग.

“मला जायचंच नाहीये. कधीपासूनच नाही. भावाला आत्तासुद्धा फोन करीन मी. पण तू एकदाही थांब म्हणाली नाहीस, रॉझ. उलट... ‘किती छान’ म्हणालीस!”

“थांब,” मी म्हणाले.

फवारा चालूच होता. ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून जवळ जाऊन, त्याची ओली कॉलर धरून पुन्हा म्हणाले — थांब.

त्याला पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं. तरी लबाडाने कानाला हात लावून तिसऱ्यांदा म्हणायला लावलंच.