आधी ट्रायल

तो आला होता पँटचा फाटका खिसा शिवून घ्यायला. दाराची घंटा खणाणली आणि शिंपिणीच्या ढगोबाने थेट त्याच्या पायांकडे झेप घेतली. ढगोबा म्हणजे वासराएवढा कुत्रा. तो भुंकला की तिसऱ्या गल्लीतली दुधं उतू जायची. गिऱ्हाईक ओरडलं नाही की पळालं नाही. त्याने अंग जरा तिरकं केलं, छताकडे पाहिलं आणि सावकाश जांभई दिली. ढगोबा जागीच थबकला. त्या दुकानात प्रथमच कुणाची पँट शाबूत राहिली होती.

"कुत्र्यांचे ट्रेनर का तुम्ही?"

"खिशावरून ओळखलंत?"

खिशाला उकडलेल्या कोंबडीचा वास होता.

शिंपीण हसली नाही. ट्रेनर मंडळींनी तिला पुरतं पोळलं होतं. ढगोबा तिच्या वडिलांचा. वडील गेले, हा मागे राहिला. घरमालकाच्या दोन पँटी फाटल्यावर त्याने महिन्याची मुदत दिली होती: कुत्रा सुधारा, नाहीतर त्याला घालवा. तिने एका ट्रेनरला बोलावलं, तर त्याने आतून काटे असलेला पट्टा काढला. तिने टेप उचलली, त्याच्याच गळ्याचं माप घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडे ट्रायल झाल्याशिवाय माल जात नाही, आधी तुम्ही घाला. तो जो निघाला तो अजून चालतोच आहे म्हणतात. दुसऱ्याने आठ दिवसांची गॅरंटी दिली, पण शिकवताना कुणी बघायचं नाही म्हणाला. त्याला तिने दार दाखवलं.

आता हा तिसरा.

"कुत्रं चुकलं तर काय करता?"

"प्रश्न मीच अवघड विचारला असं धरतो. सोपा करून पुन्हा विचारतो."

"आणि गॅरंटी?"

"जिवंत प्राण्याची कसली गॅरंटी द्यायची?"

"मग ट्रायल द्या."

त्याने खिशातून कोंबडीचा तुकडा काढला, स्वतःच्याच तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. "मीठ नसतं यात," तो म्हणाला.

तरी ती भाळली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गात गेली. भिंतीवर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र होतं, ते तिने शिक्क्यासकट वाचलं. दार सताड उघडं होतं. आत सहा कुत्री. तिने सहाही शेपट्या पाहिल्या. एकही पायात दडलेली नव्हती.

तिने होकार दिला. ट्रेनर मास्तरांनी पहिलं काम सांगितलं ते जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं. निघालं काय, तर ढगोबाचा कान आतून सुजलेला. घंटा त्यात सुईसारखी घुसायची. औषध सुरू झालं. शिंपिणीने घंटेला फ्लॅनेलची टोपी शिवली. आता घंटा हलकेच ठकठकायची, आणि प्रत्येक ठकठकीला ढगोबाला एक तुकडा मिळायचा.

मास्तर रोज पाचला येत. ती चहा-बिस्किट पुढे करी. दुसऱ्या आठवड्यापासून ते पावणेपाचलाच हजर होऊ लागले. त्यांचा डावा खांदा किंचित उतरता आहे, हे तिच्या लक्षात आलं. फक्त शिंपिणीच्या नजरेने, अर्थातच.

महिना भरला त्या दुपारी घरमालक आला, पँट मुठीत धरून. घंटा ठकठकली. ढगोबाने शिंपिणीकडे पाहिलं आणि बूड टेकलं. घरमालक बराच वेळ वाट बघत उभा राहिला. शेवटी राहू दे कुत्रा म्हणाला आणि थोडा हिरमुसूनच गेला.

पावणेपाचला मास्तर आले.

"म्हणजे शिकवणी संपली," ती दोरा ओवत म्हणाली.

"खरं तर... दोन आठवड्यांपूर्वीच संपली होती."

"मग येत कशाला होता?"

"घंटा वाजली की चहा-बिस्किट... ही सवय मला कुणी लावली?"

दोरा सुईत जाईना.

"तर मी म्हणत होतो—पुढचं सगळं—म्हणजे आपण दोघांनी—"

तिने मान वर केली नाही. मास्तरांचे कान लाल झाले.

"अवघड झाला प्रश्न," ते म्हणाले. "सोपा करतो. उद्या येऊ?"

तिने सुई ठेवली, टेप घेतली आणि त्यांच्या खांद्यांचं माप घेतलं. एवढ्याशा मापाला जरा जास्तच वेळ लागला.

"या. शर्टाची ट्रायल आहे."

"मी शर्ट कुठे टाकलाय शिवायला?"

"मीपण सोपाच प्रश्न विचारतेय, मास्तर."

ढगोबाने अंग जरा तिरकं केलं, छताकडे पाहिलं आणि सावकाश जांभई दिली.