दाराकडचं बास्केट

"दहात एक! पुढचा!" सरांनी शिट्टी फुंकली.

खारूताईने मान खाली घातली. सुटीतल्या बास्केटबॉल शिबिरातली ती सगळ्यात बुटकी मुलगी. आज नुसता नेमाचा सराव, आणि त्यावरूनच संघ निवडणार! खिडकीकडच्या बास्केटमध्ये पोरांचे चेंडू धडाधड पडत होते. दाराकडे मात्र सगळ्यांचेच नेम चुकत होते. चेंडू दर वेळी डावीकडेच उडायचा!

"सर, दाराकडच्या बास्केटमागची फळी हलतेय," ती चाचरत म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं!" सर हसले. "जा, पाणी पी."

"पण अंगण खरंच वाकडं असलं तर?" तिचा मित्र प्रोफेसर कुजबुजला. जाड चष्मा आणि अखंड बडबड, म्हणून हे नाव! "चल, मागून बघू."

दाराकडच्या बास्केटच्या भिंतीमागे अडगळीची अंधारी खोली होती. दार ढकलताच कुबट वास आला.

"तू बारीक आहेस, तू शिर!"

"वा रे शूर!" खारूताई पुटपुटली. पण गुंडाळलेल्या गाद्यांमधून तीच सरपटत गेली.

फळीचे लोखंडी बोल्ट भिंतीतून आरपार आले होते. बाहेर चेंडू आदळला. धप्प! माती भुरभुरली, आणि एक बोल्ट दुधाच्या दातासारखा हलला! दुसऱ्याचा नट तर खाली पडलेला. धप्प! बोल्ट आणखी आत सरकला.

आता पाळी तिच्या आत्येभावाची, उंट्याची! आणि त्याला बास्केटच्या कडीला लटकायची भारी हौस!

ती धडपडत बाहेर धावली. "सर, थांबवा! फळी पडणार!"

"रांगेत उभी राहा!" सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"बघा रे, आता लटकूनच दाखवतो!" उंट्या ओरडला आणि धावत सुटला.

खारूताईने इकडेतिकडे पाहिलं. पायाशी चेंडू होता. तिने तो उचलला आणि जीव खाऊन फेकला. बास्केटकडे नाही, उंट्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत!

"उंट्या, घेऽऽ!"

लहानपणापासून दोघं गल्लीत एकत्र खेळलेली. तिचा पास उंट्या कधी सोडत नसे. सवयीने हातातला चेंडू फळीवर भिरकावून तो गर्रकन वळला, तिच्या चेंडूमागे धावला, आणि मागे... कडाड्! कडीसकट फळी खाली कोसळली!

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळ्या पोरांना बाहेर काढून त्यांनी हॉलला कुलूप लावलं. मग ते खारूताईसमोर गुडघ्यावर बसले.

"पोरी, चुकलो मी. तुझं ऐकायला हवं होतं."

"मग संघाचं काय, सर?" प्रोफेसरला राहवेना.

"नेम काय, सरावाने बसतो रे. पण कोण कुठे धावेल हे ओळखून असा पास द्यायला वेगळीच नजर लागते! ते मी आज तपासलंच नव्हतं. उद्या उघड्या मैदानावर सामने खेळू, मग निवड. शाब्बास, खारूताई!"

तिने हसायचा प्रयत्न केला, पण प्रोफेसरने दिलेला पाण्याचा पेला तिच्या हातात थरथरत होता. उंट्याने तो धरून तिच्या ओठांना लावला. निम्मं पाणी दोघांच्या अंगावरच सांडलं.