मागचे डावे दार

पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना, जुन्या गोवा रस्त्याला लागून माझी कार्यशाळा आहे. तंत्रनिकेतनात मी यंत्रशास्त्र शिकलो, पुढे तिथेच शिकवले आणि निवृत्तीनंतर ही शेड घेतली. जुन्या, लांबरुंद, आलिशान गाड्या मी दुरुस्तीला घेतो. बनवणाऱ्यांनी त्यांचे सुटे भाग बंद केलेले असतात, आणि मालकांना त्या सोडवत नाहीत.

जानेवारीत सुमतीबाई आल्या त्या अशाच एका गाडीसाठी. काळी, परदेशी बनावटीची सेडान टोचन लावून आणली होती. यजमान उदयसिंह दीड वर्षापूर्वी गेले, तेव्हापासून ती वडाळे तलावाजवळच्या त्यांच्या बंगल्यात उभी होती. या गाडीला स्प्रिंगा नसून रबरी फुग्यांतल्या हवेवर ती तोललेली असते. फुगे फाटले होते आणि गाडी पोट टेकून बसली होती.

"काका, आम्ही हत्ती पोसलाय," त्यांचा मुलगा राजस म्हणाला. "नोंदणी संपली. आरटीओच्या तपासणीत पास झाली तर आईची, नाहीतर सरळ भंगारात. आमचं ठरलंय."

"तुझं ठरलंय," सुमतीबाई म्हणाल्या.

राजसला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. त्या माझ्याजवळ आल्या.

"प्रभाकरराव, एवढं ऐका. मागचं डावं दार उघडू नका. ते मी घरी नेऊन उघडणार आहे."

मी कारण विचारले नाही. त्यांनीच सांगितले.

"हे तिथंच बसायचे. ड्रायव्हर दार उघडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मी चिडवायचे, महाराज, उतरा आता. त्या दिवशी हॉस्पिटलला पोचायच्या आधीच... स्ट्रेचर उजवीकडून आलं, तिकडूनच त्यांना काढलं. त्यांचं दार कुणी उघडलंच नाही."

त्यांनी पदराने दाराची मूठ पुसली आणि हात मागे घेतला.

फुगे मिळणे शक्य नव्हते, म्हणून मापाच्या पोलादी स्प्रिंगा बनवून बसवल्या. आतली कामे मी उजव्या दारातून केली. दीड वर्ष बंद असलेल्या गाडीत कुबट वास यायला हवा होता. येत होता तो निलगिरीच्या तेलाचा.

गाडी जॅकवरून उतरवली, तेव्हा मागचा डावा कोपरा दोन बोटे खाली बसला. स्प्रिंग नरम असेल, असे समजून डावी-उजवी अदलाबदल केली. दोष स्प्रिंगमध्ये असता तर तो उजवीकडे गेला असता. गेला नाही. सांगाडा वाकला आहे का, ते पाहायला त्याचे कर्ण मोजले. ते जुळले. डिकी रिकामी केली, जादा चाक काढले, गालिचे उचलले.

"मास्तर, स्प्रिंगा नव्या, तरी बसलीच हाय," देवजी म्हणाला. देवजी माझा फिटर. जासईचा, माझ्याच वयाचा. "आत कोन बसलाय का बगा." आणि स्वतःच हसला.

जासईच्या एका बंद पडलेल्या कंटेनर यार्डातून घेतलेले चार सपाट वजनकाटे माझ्याकडे आहेत. प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. चारींची बेरीज गाडीच्या मूळ वजनाहून साठ किलोंनी जास्त भरली, आणि बहुतेक भार मागच्या डाव्या चाकावर होता. काटे बदलून पाहिले. साठच.

देवजी हसला नाही. त्यानंतर त्या गाडीपाशी हातोडी आपटणे त्याने सोडले. रेडिओही तो लावीनासा झाला.

एके दुपारी मागच्या डाव्या काचेवर, आतून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर वाफेचा गोल दिसला. मी उजव्या दाराने आत वाकून तो पुसला. जेवून आलो तेव्हा तो पुन्हा होता.

काम अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. डाव्या स्प्रिंगखाली दोन बोटे जाड रबरी पॅकिंग घातले. गाडी समतल झाली. तपासणीत ती विनाशेरा पास झाली.

न्यायला दोघेही आले. सुमतीबाईंनी बॉनेटवर हात फिरवला. "आजारपणात एवढे उतरले होते हो," त्या म्हणाल्या. "शेवटी जेमतेम साठ किलो भरायचे. कंबरेला निलगिरीचं तेल चोळून, तरी बसायचे ऐटीत."

मी देवजीकडे पाहिले नाही.

आईचा चेहरा पाहून राजसही विरघळला असावा. तो पुढे धावला, कमरेत वाकला आणि मागचे डावे दार त्याने सताड उघडले.

"या, महाराणी. बसा."

स्प्रिंग करकरली.

समतल उभी असलेली गाडी त्या कोपऱ्यात सावकाश वर आली. दोन बोटे. माझ्या पॅकिंगइतकी.

"अहो," सुमतीबाई म्हणाल्या. आवाज अगदी हलका होता. "इथं नव्हे. घर आलं नाही अजून."

"आई, कुणाशी..." राजसचे लक्ष चाकाकडे गेले. त्याने दाराची मूठ सोडली.

त्या दार धरून उभ्या राहिल्या. "चला ना, बसा परत." डोक्यावरून नव्या विमानतळाचे एक विमान गेले. त्याचा आवाज विरेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. कोपरा वरच राहिला.

शेवटी त्या स्वतःच त्या जागी बसल्या. गाडी खाली आली. राजसने ती बाहेर काढली. मागच्या काचेतून त्या वळून शेडकडे पाहत होत्या.

देवजीने झाडू घेतला आणि तिथेच थांबला. माझ्या टेबलापाशी एक वजनकाटा चालू राहिला होता. त्यावर काहीही ठेवलेले नव्हते. पडद्यावर साठ हा आकडा स्थिर होता.

"बंद करू का?" मी विचारले.

"नको, मास्तर." देवजीने पायातल्या चपला काढल्या. "त्यांचं घर म्हाईत हाय ना तुमाला?"

मी सुमतीबाईंना फोन लावला. "फाटकाशी थांबा," म्हणालो. "माझ्या गाडीचं मागचं डावं दार तुम्हालाच उघडायचं आहे."

मग त्या म्हणाल्या, "सावकाश आणा हो. खड्ड्यात कंबर दुखते त्यांची."

माझी छोटी गाडी मी शेडच्या तोंडाशी आणली, उतरलो आणि तिचे मागचे डावे दार उघडून धरले.

"चला, उदयसिंहराव. घरी सोडतो."

काट्यावरचा आकडा शून्य झाला.

आसनाची गादी दबली. गाडीचा तो कोपरा हळूच खाली बसला. मी दार बाहेरून लावून घेतले, तेव्हा काचेवर आतून वाफ धरू लागली होती.